स्मारक-पारितोषिकें आणि त्यांचे प्रबंध

दिवंगत गृहस्थाच्या नांवें निधि ठेवावा आणि त्याच्या व्याजांतून विद्यापीठानें विद्यार्थ्यांच्या उत्कृष्ट प्रबंधास पदक अगर पारितोषिक द्यावें, ही चाल आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. तिच्याविषयीं आमच्या वाचनांत जें आलें तें बहुधा दात्याच्या गौरवाचें, नाहींतर विजेत्याच्या अभिनंदनाचें. पारितोषिक पदरांत पडल्यावर त्या प्रबंधाचें पुढें काय होतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. हस्तलिखितांचा संग्रह करणारांस तें विचारण्याचा अधिकार आहे. कारण यांपैकीं कित्येक प्रबंध त्यांच्याच पेट्यांतील पोथ्यांवर उभे राहतात. आमचें मत असें कीं, अशा पारितोषिकाची परीक्षा निकालाच्या दिवशीं होत नाहीं. तो प्रबंध छापून निघाला काय, त्यावर टीका झाली काय, टीकेनंतर तो सुधारला काय, यांवरून ती व्हावयाची असते.

एक जुनें उदाहरण घेऊं. मुंबई विद्यापीठांत रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्या स्मरणार्थ एक सुवर्णपदक निबंधाकरितां दिलें जात असे. मंडलिक (१८३३–१८८९) हे दापोलीजवळच्या मुरूडचे. धंद्यानें वकील, १८६४ मध्यें निघालेल्या ‘नेटिव्ह ओपिनियन’ पत्राचे संस्थापक आणि धर्मशास्त्राचे जाणते संपादक. नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख व याज्ञवल्क्यस्मृति हे ग्रंथ त्यांनीं इंग्रजी भाषांतरासह १८८० मध्यें प्रसिद्ध केले, आणि १८८६ मध्यें मनुस्मृति अनेक टीकांसह काढली. त्यांचा ग्रंथसंग्रह पुढें पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयांत आला. ज्या पुरुषानें पोथ्या जमविल्या, वाचल्या आणि छापल्या, त्याचें स्मारक निबंधाच्या पदकाच्या रूपानें व्हावें हें यथायोग्यच झालें.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हें पदक मिळविणारांत पांडुरंग वामन काणे (१८८०–१९७२) होते. ते त्या वेळीं सरकारी शाळेंत शिक्षक होते. त्यांचा एक निबंध महाभारत-रामायणांतील आर्यांच्या रीतिनीतींवर होता, दुसरा अलंकारशास्त्राच्या वाङ्मयाच्या इतिहासावर. आम्हांस येथें दुसऱ्याचा विचार कर्तव्य आहे. कारण त्याचा पुढील प्रवास सालवार दाखवितां येतो.

हा निबंध लिहिला गेला तेव्हां लेखकापुढें कोणती सामग्री नव्हती, हें आधीं ध्यानांत घ्यावें. भामहाचा काव्यालंकार छापलेला नव्हता. तो १९०९ मध्यें के. पी. त्रिवेदी यांनीं प्रतापरुद्रयशोभूषणाच्या आवृत्तीस परिशिष्ट म्हणून जोडून प्रसिद्ध केला. राजशेखराची काव्यमीमांसा १९१६ मध्यें गायकवाड प्राच्यमालेंत निघाली. कुंतकाचें वक्रोक्तिजीवित सुशीलकुमार डे यांनीं १९२३ मध्यें संपादिलें. नाट्यशास्त्रावरील अभिनवगुप्ताच्या टीकेचा पहिला भाग १९२६ मध्यें बाहेर आला. म्हणजे अलंकारशास्त्राच्या इतिहासाचे चार मोठे खांब त्या वेळीं हस्तलिखितांच्या गठ्ठ्यांत किंवा इतरांनीं उद्धृत केलेल्या वचनांत दडलेले होते. असा निबंध अपुरा असणें अपरिहार्य होतें. परीक्षकांनीं त्यास पदक दिलें तें योग्यच केलें. परंतु तो निबंध त्याच स्थितींत विद्यापीठाच्या कपाटांत राहिला असता, तर आज त्याचें नांवही कोणी घेतलें नसतें.

काण्यांनीं तो तसा राहूं दिला नाहीं. १९१० मध्यें त्यांनीं साहित्यदर्पणाची टिपांसह आवृत्ति काढली. १९१२ मध्यें ‘इंडियन अँटिक्वरी’ मासिकांत अलंकारवाङ्मयाच्या इतिहासाची रूपरेषा छापली आणि जाणत्यांच्या टीकेस ती मोकळी केली. १९२३ मध्यें साहित्यदर्पणाच्या दुसऱ्या आवृत्तीस विस्तृत उपोद्घात म्हणून तोच विषय नव्यानें मांडला. १९५१ च्या तिसऱ्या आवृत्तींत त्यास संस्कृत साहित्यशास्त्राचा इतिहास असें नांव मिळालें, आणि पुढें मूळ साहित्यदर्पणापेक्षां हा उपोद्घातच अधिक वाचला जाऊं लागला. पदक मिळाल्यापासून चाळीसांहून अधिक वर्षें लेखक त्याच विषयाकडे फिरून फिरून आला.

या ग्रंथांत दोष नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. कालनिर्णय हा त्याचा प्राण आहे, आणि तीच त्याची मर्यादाही आहे. ग्रंथकारांचा काल, कृति व पौर्वापर्य यांचा पहिला भाग विस्तीर्ण; रस, रीति, ध्वनि, वक्रोक्ति या मतांच्या विकासाचा दुसरा भाग त्या मानानें आटोपता. एखादें मत का उद्भवलें, या प्रश्नापेक्षां तें कोणीं आधीं सांगितलें यांत लेखकाचें मन अधिक रमतें. ध्वन्यालोकाच्या कारिका एकाच्या आणि वृत्ति आनंदवर्धनाची, हा पक्ष त्यांनीं वकिली पद्धतीनें साक्षी तोलून मांडला आहे. त्यानें सर्वांचें समाधान झालेलें नाहीं आणि कारिकाकार व वृत्तिकार एकच मानणारे विद्वानही आहेत. तथापि हा वाद आपणांस करतां येतो, कारण पुरावा छापून समोर ठेवलेला आहे. कोणत्या वचनावरून कोणतें अनुमान काढलें तें वाचकास पडताळून पाहतां येतें. जें पडताळतां येतें तेंच संशोधन, अशी आमची व्याख्या आहे.

याच कथेस आणखी एक दुवा आहे. मंडलिकांनीं ज्या व्यवहारमयूखाचें भाषांतर केलें, त्याच ग्रंथाची चिकित्सक आवृत्ति काण्यांनीं १९२६ मध्यें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडून काढली. तिच्याकरितां धर्मशास्त्रवाङ्मयाचा आढावा घेण्याचें जें काम त्यांनीं हातीं घेतलें तें वाढत जाऊन १९३० ते १९६२ या काळांत धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पांच खंड झाले. १९६३ मध्यें ग्रंथकारास भारतरत्न मिळालें. ज्याच्या नांवाचें पदक घेतलें त्याचेंच अर्धें राहिलेलें काम विजेत्यानें पुढें नेलें. पदकाचें ऋण फेडणें याहून वेगळें काय असतें?

आतां कोणी म्हणेल, काणे शंभर वर्षांत एखादाच निपजतो. सामान्य विद्यार्थ्यास त्या मापानें मोजणें अन्यायाचें आहे. आक्षेप मान्य. आम्ही प्रत्येक विजेत्याकडून पांच खंड मागत नाहीं. प्रबंध लोकांपुढें ठेवावा, ज्या सामग्रीवर तो उभा आहे तिचें वर्णन द्यावें आणि ज्यानें ती दिली त्यास विसरूं नये, एवढेंच मागतों. यास प्रतिभा लागत नाहीं, शिस्त पुरते.

ही शिस्त नसली म्हणजे काय होतें त्याचा अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यापीठाचा एक विद्यार्थी मोर्शीस आमच्याकडे आला. मुलगा हुशार होता, सकळ लिपि बरी वाचीत असे. आमच्या शब्दावर येथील एका वृद्ध गृहस्थांनीं घरचा महानुभावीय पोथ्यांचा बासनांत बांधलेला गठ्ठा त्याच्यापुढें सोडला. पंधरा दिवस तो त्यांच्या ओसरीवर बसून नकला करीत होता. त्याचें जेवणखाणही त्या घरींच होई. पुढें त्याच्या प्रबंधास एक स्मारक-पारितोषिक मिळाल्याचें आम्हीं वर्तमानपत्रांत वाचलें. गृहस्थांनीं प्रबंधाची एक प्रत मागितली. दोन पत्रें गेलीं; उत्तर नाहीं. शेवटीं आम्हीं स्वतः त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयांत जाऊन प्रबंध पाहिला. दोन तास बसून वाचण्याची परवानगी मिळाली, उतरून घेण्याची मिळाली नाहीं. ज्या पोथीवर प्रबंधाचा मुख्य अध्याय रचलेला, तिचा निर्देश ‘मोर्शी तालुक्यांतील एक खाजगी प्रत’ एवढाच! पत्रें किती, ओळी किती, आकार काय, पुष्पिकेंत काय लिहिलें आहे, कांहीं नाहीं. पुष्पिकेंतील शक व संवत्सराचें नांव यांचा मेळ बसत नव्हता. आम्हीं तें त्या वेळीं विद्यार्थ्यास दाखविलें होतें. प्रबंधांत संवत्सर गाळून शकावरून इसवी सन मात्र ठामपणें दिलेला होता. परीक्षकांपुढें पोथी नव्हती, तेव्हां त्यांचा दोष आम्ही मानीत नाहीं.

या प्रकारांत खरें नुकसान कोणाचें झालें? ते गृहस्थ आतां हयात नाहींत. त्यांच्या मुलानें तें बासन कुलुपांत ठेविलें असून तो तें कोणासही दाखवीत नाहीं, आम्हांसही नाहीं. कसर तर कुलूप पाहून थांबत नाहीं. एका पारितोषिकानें एक प्रबंध झाला आणि एक पोथी गेली, असा हा हिशोब आहे. आम्ही मध्यस्थ होतों, म्हणून त्याचा कांहीं भार आमच्याही माथीं आहे.

परिस्थिति सर्वत्र अशीच आहे असें नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या सामायिक भांडारांत ठेवले जाऊं लागले, आणि घरबसल्या ते वाचतां येतात. ही मोठी सोय झाली. परंतु पदव्युत्तर परीक्षांकरितां लिहिलेले लहान प्रबंध, ज्यांस पुष्कळदां अशीं पारितोषिकें मिळतात, बहुधा त्या भांडाराबाहेरच राहतात. शिवाय प्रबंध दिसूं लागला तरी पोथीचें वर्णन त्यांत आपोआप येत नाहीं, आणि ती देणाराचे आभारही.

हा विषय आजच काढण्याचें कारण आमच्या तालुक्यांतच आहे. गोविंदप्रभूंचें रिद्धपूर मोर्शी तालुक्यांत येतें. त्यांचें म्हाइंभटकृत चरित्र विष्णु भिकाजी कोलते यांनीं १९४४ मध्यें संपादून छापलें, आणि त्यांचीच लीळाचरित्राची आवृत्ति १९७८ मध्यें निघाली. आतां २०२४ पासून रिद्धपुरासच मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालें आहे. तेथें उद्यां कोणी आपल्या वडिलांच्या नांवें निधि ठेवील, कोणी गुरूच्या. प्रबंधांस पारितोषिकें लागतील. तीं लागावींतच. मात्र नियम ठरवितांना चार गोष्टी त्यांत घालाव्या, अशी आमची दात्यांस व विद्यापीठास सूचना आहे. प्रबंधांत वापरलेल्या प्रत्येक हस्तलिखिताचें पत्रसंख्या, आकार, लिपि, लेखनकाल व पुष्पिका यांसह वर्णन असल्याशिवाय तो पारितोषिकास पात्र धरूं नये. पोथीच्या मालकास प्रबंधाची एक प्रत व त्याच्या पोथीची छायाप्रत विद्यापीठानें स्वतः पोंचवावी. पारितोषिकाची अर्धी रक्कम निकालाच्या वेळीं द्यावी. उरलेली अर्धी, प्रबंध किंवा त्याचा मुख्य भाग एखाद्या संशोधन-पत्रिकेंत छापून आल्यावर. आणि परीक्षकांचा अभिप्राय प्रसिद्ध करावा, म्हणजे पुढील विद्यार्थ्यास आपण कोठून सुरुवात करावी हें कळेल.

यांत दात्यास एक पैसाही अधिक खर्च नाहीं. छायाप्रतीचा खर्च काय तो विद्यापीठास, आणि तोही अल्प. विद्यार्थ्यास थोडा त्रास आहे, पण तो त्याच्याच हिताचा. पोथीवाल्यास मात्र यांत सर्व कांहीं आहे: आपल्या घरची वस्तु कोणाच्या तरी उपयोगी पडली हें त्यास आपल्या डोळ्यांनीं पाहतां येईल, आणि पुढला विद्यार्थी दारांत उभा राहिला तर बासन पुन्हां सुटेल.

मोर्शी येथील तें बासन सुटावें म्हणून आमचा प्रयत्न चालू आहे. मुलानें एवढीच अट घातली आहे कीं, वडिलांनीं मागितलेली प्रत आधीं घरीं यावी. अट रास्त आहे.