न जेवणाऱ्या अजगराचे वाङ्मय

मराठी समीक्षेने आत्मचरित्रापासून पाककृतींपर्यंत सगळ्या वाङ्मयप्रकारांना न्याय दिला. पण 'पाळलेला साप जेवत नसेल तर काय करावे' या वाङ्मयाकडे आजवर एकाही समीक्षकाने ढुंकून पाहिलेलं नाही. याला कारण आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप घरात बाळगायची सोयच ठेवलेली नाही आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर परदेशी जातींपैकीही पुष्कळांची रीतसर नोंद करावी लागते. म्हणजे सापालासुद्धा केवायसी! तेव्हा इथे हे वाङ्मय फोफावणार कसं? अमेरिकेत मात्र त्याचं उदंड पीक आहे आणि त्यातली एक चौसष्ट पानी पुस्तिका माझ्या न्यू जर्सीतल्या भाच्याने मला पाठवली. "मामा, तू वाचून बघ आणि मला सांग, माझं कुठे चुकतंय." मी बी. कॉम. आहे, बँकेत कारकून आहे आणि साप दिसला की पलंगावर चढतो. एवढी पात्रता समीक्षेला पुरते असं मी पाहिलेलं आहे.

पुस्तिकेचा नायक म्हणजे बॉल पायथन. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बुटका अजगर. तीन ते पाच फूट, तोंडावळा सात्त्विक, आणि घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं मध्ये लपवणारा. इंग्रज लोक त्याला 'रॉयल' म्हणतात. जगभरात पाळल्या जाणाऱ्या सापांत हा फार लोकप्रिय आणि न जेवण्याबद्दल तितकाच कुप्रसिद्ध. भाच्याच्या अजगराने नोव्हेंबरात शेवटचा उंदीर खाल्ला. मार्च संपत आला तरी दुसरा नाही.

पुस्तिकेची शैली आज्ञार्थी आहे. गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवून उबदार करा, कारण याच्या ओठांवरच्या खाचांना ऊब कळते. थंडगार उंदीर म्हणजे त्याच्या लेखी दगड. संध्याकाळी द्या. लांब चिमट्याने द्या. पांढरा उंदीर नको असेल तर करडा द्या. तरी नको असेल तर त्याला दुसऱ्या जातीच्या उंदराचा वास चोळा. जिवंत उंदीर सापाजवळ ठेवून निजू नका, तो उलट सापालाच कुरतडतो. (हे वाक्य मला फार आवडलं. उंदराच्या बाजूने लिहिलेलं पुस्तिकेत हे एकच.) त्यानेही भागलं नाही तर मेलेल्या उंदराचं डोकं किंचित फोडून ठेवा. इथे मी हातातला चहा खाली ठेवला. असे अकरा उपाय. आपल्याकडे कार्टं जेवत नसलं की चिऊचा घास, काऊचा घास, आणि शेवटी बागुलबुवा. तोच क्रम, फक्त इथे चिऊ-काऊच ताटात.

अकरा उपाय झाल्यावर त्रेचाळिसाव्या पानावर तळाशी दोन ओळी येतात. निरोगी प्रौढ अजगर कधी कधी महिनोन्‌महिने खात नाही, विशेषतः थंडीत आणि विणीच्या हंगामात, आणि अशा वेळी काही न करणं उत्तम. वाचकहो, संपूर्ण पुस्तिकेतलं हे सर्वांत मोलाचं वाक्य आणि ते तळाशी! आमच्या बँकेच्या फॉर्मवर मुख्य अट याच ठिकाणी छापतात. पहिल्या पानावर ते छापलं असतं तर पुढची बेचाळीस पानं कोणी विकत घेतली असती, हा प्रश्न मला प्रकाशकाच्या जागी बसून सुटतो, वाचकाच्या जागी बसून सुटत नाही.

हे वाक्य खरं आहे याची मी माझ्या परीने खात्री करून घेतली. अमेरिकेत एका संशोधकाने काही साप सुमारे सहा महिने उपाशी ठेवले. त्यांत हे बॉल पायथनही होते. २००७ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. उपासात सापांनी शरीराचा खर्च कमी करत आणला, काहींनी तर ७२ टक्क्यांपर्यंत. आणि त्या अवस्थेत काही साप लांबीने वाढलेसुद्धा! उत्पन्न शून्य, खर्चात कपात आणि तरी विस्तार, असा ताळेबंद मी उभ्या नोकरीत पाहिलेला नाही. दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही की आम्ही खात्यावर 'इनऑपरेटिव्ह' असा शिक्का मारतो. पण म्हणून खातं मरत नाही. आत पैसे असतात, व्याजही चालू असतं. खातेदार एक दिवस येतो आणि काउंटरवरच्या माणसाची धांदल उडते. मोठ्या बर्मी अजगराचं तर असं, की जेवल्यावर दोन-तीन दिवसांत त्याचं हृदय ४० टक्क्यांपर्यंत वाढतं आणि पचन झालं की पूर्ववत होतं. वर्षातून मोजक्या वेळा उघडणाऱ्या दुकानाने रोज दिवे का जाळावेत?

एक प्रकरण मात्र सोन्याचं आहे आणि ते नाकारणं कोतेपणाचं होईल. ते उष्णतेवरचं. पेटीची एक बाजू ३१-३२ अंश, दुसरी त्याहून थंड, कारण सापाला ऊब बाहेरून घ्यावी लागते. ती नसेल तर पोटातलं अन्न पचत नाही, कुजतं. म्हणजे पेटी गार असताना जेवण नाकारणारा साप हट्टी नव्हे, शहाणा. त्याच प्रकरणात कधी स्वस्थ बसू नये तेही नीट दिलंय: श्वासाला घरघर, नाकाशी बुडबुडे, तोंडाला सूज किंवा वजनात ठळक घट दिसली की सरळ डॉक्टर गाठावा. इथे लेखक विकत नाही, सांगतो.

माझा खरा आक्षेप एका शब्दाला आहे. न जेवणाऱ्या सापाला हे लोक 'प्रॉब्लेम फीडर' म्हणतात. प्रॉब्लेम सापाचा! आफ्रिकेत हा प्राणी दिवसभर उंदरांच्या बिळात नाही तर वारुळात दडून असतो. अंगाला चहूकडून माती लागली की त्याला सुरक्षित वाटतं. तिथल्या घाना, टोगो, बेनिन या देशांतून हे अजगर परदेशी विकायला जातात. त्यांना दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवायचं, समोर भलाथोरला टीव्ही, आणि आल्यागेल्याने काचेवर टकटक करून विचारायचं, "हा हलत का नाही?" आम्हाला समोर ऑडिटर बसलेला असला तर डबा उघडवत नाही. चौसष्ट पानांत सापाचं म्हणणं अर्ध्या पानावर आहे: लपायला अंगाबरोबरची घट्ट पेटी द्या, तीन बाजू झाका. हा त्या अकरांत नववा उपाय!

आपल्याकडचं वाङ्मय याहून बरं, असं कोणी समजू नये. आपल्याकडे नागोबा जेवत नाही ही तक्रारच नाही. तो दूध पितो ही आपली अडचण. गारुड्याने तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल ते द्रव पितो, त्याला दूध पचत नाही आणि आपण हात जोडून वाटी पुढे सरकवतो. तिकडे चिमटा, इकडे वाटी. साप दोन्हीकडे पाहुण्यासारखा आग्रहात सापडलेला, आणि आग्रहाचा जेवणाऱ्याच्या भुकेशी संबंध असतो असं निदान मला तरी कुठल्याही पंगतीत आढळलेलं नाही.

या पुस्तिकेतली सर्वांत मोठी उणीव माझ्या नव्हे, ताईच्या लक्षात आली. भाचा दोन वर्षं तिकडे एकटा राहतो. पूर्वी त्याचा रविवारचा फोन तीन मिनिटांत आटपायचा. अजगराने अन्न सोडल्यापासून चाळीस मिनिटं चालतो. नोव्हेंबरात १४३० ग्रॅम, आता १३९५, हे आकडे ताईला माझ्या पगारापेक्षा चांगले पाठ आहेत. सुरुवातीला तिने व्हिडिओवरूनच मीठ-मोहरीने अजगराची दृष्ट काढली. मग त्रेचाळिसावं पान मी तिला मराठीत करून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अरे, पण यात सापाचं वजन करायला सांगितलंय. जो रात्रभर त्याच्यासमोर चिमटा धरून बसतो त्याचं?" पुढच्या आवृत्तीत लेखकाने याची दखल घ्यावी.

तूर्त ती आमच्या घरात घेतली गेली आहे. पेटीला तीन बाजूंनी काळा कागद लागलाय, टीव्ही हलवलाय, चिमटा खणात आहे. दर रविवारी वहीत दोन रकाने भरले जातात. अजगर १३९५ वर स्थिर आहे. भाचा दोन किलोने उतरला आहे, आणि त्याला मात्र ताईने उपासाची सवलत दिलेली नाही.