भीतीचा बचाव, रागाची मोजपट्टी

आज आपण इंग्लंडच्या कायद्यातला एक बचाव तपासणार आहोत: ताबा सुटणे. तिथे खून सिद्ध झाला की जन्मठेप अटळ. हा बचाव टिकला तर गुन्हा सदोष मनुष्यवधाचा ठरतो आणि शिक्षा किती द्यायची हे न्यायाधीशांच्या हातात येतं. म्हणजे वाद नुसता शब्दांचा नाही, माणसाच्या आयुष्यातल्या वर्षांचा आहे.

पूर्वी इथे चिथावणीचा बचाव होता. १९४९ च्या डफी खटल्यात कसोटी ठरली ती अशी, की ताबा ‘अचानक आणि तात्पुरता’ सुटला पाहिजे. ही कसोटी कोणाच्या सोयीची? ज्याचा राग क्षणात हातापर्यंत पोचतो, त्याच्या. वर्षानुवर्षं मार खाणाऱ्या बाईला ठाऊक असतं, की समोरासमोर हात उचलला तर मरायचं आपणच. किरणजित अहलुवालिया यांनी १९८९ मध्ये, दीर्घ छळानंतर, झोपलेल्या पतीला पेटवलं. १९९२ च्या अपिलात चिथावणीचा मुद्दा टिकला नाही. खुनाचा निकाल रद्द झाला तो त्यांच्या बिघडलेल्या मानसिक स्थितीच्या पुराव्यावर.

मग २००९ चा कायदा आला. ४ ऑक्टोबर २०१० पासून ‘अचानक’ ही अट गेली. गंभीर हिंसेची भीती हे कारण म्हणून स्पष्ट लिहिलं गेलं, आणि जोडीदाराचा व्यभिचार कारण म्हणून धरायचा नाही, असंही. वाचताना वाटतं, चला, झालं काम!

पण ताबा सुटलाच पाहिजे, ही अट राहिली. लॉ कमिशनने २००६ मध्ये ती काढायला सुचवलं होतं. सरकारने ऐकलं नाही. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. भीती माणसाला बेभान करतेच असं नाही. पुष्कळदा ती त्याला सावध करते, थंड करते. आणि तो थंडपणाच कोर्टात पूर्वनियोजनासारखा दिसतो.

उलट २०१२ च्या क्लिंटन निकालात अपील न्यायालय म्हणालं, व्यभिचार एकटा पुरेसा नाही, पण दुसऱ्या कारणाचा संदर्भ म्हणून ज्यूरीने तो विचारात घ्यावा. तर्क चुकीचा नाही. संसाराचे तुकडे करून कोणी न्याय करत नाही. पण रागासाठी वाट निघाली आणि भीती उंबऱ्यावरच अडली, हेही खरं.

सॅली चॅलन यांची घटना ऑगस्ट २०१० ची, म्हणून जुनाच कायदा लागला. २०१९ मध्ये त्यांचाही निकाल रद्द झाला तो मानसोपचाराच्या नव्या पुराव्यामुळे. दोघींना कायद्याने सांगितलं, ‘तुम्ही आजारी होतात.’ ‘तुम्ही भ्यायला होतात आणि त्या भीतीला कारण होतं,’ हे म्हणायला त्याला जमलं नाही.

आमच्या मते, कारण भीती असेल तिथे ताबा सुटण्याची अट काढावी. सूड म्हणून केलेल्या कृत्याला हा बचाव मिळत नाही, हे कलम आहेच. त्यामुळे कोणालाही मोकळं रान मिळणार नाही.

आणि आपणही फार हसायला नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये ‘गंभीर आणि अचानक’ चिथावणी आजही आहे. त्याबद्दल पुढच्या वेळी बोलू.