सोलापूरचा विकास आराखडा आणि मागाचे घर

नगररचनेच्या नकाशात निवासी क्षेत्र पिवळ्या आणि औद्योगिक क्षेत्र जांभळ्या रंगाने दाखविण्याचा संकेत आहे. मनुष्य एका ठिकाणी राहतो व दुसऱ्या ठिकाणी काम करतो, हे गृहीतकृत्य या संकेताच्या मुळाशी आहे. ज्या शहराचा पूर्व भाग पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घरातच कापड विणीत आला, त्या सोलापुरास ते कितपत लागू पडते, याचा विचार येथे कर्तव्य आहे. महानगरपालिकेच्या नगररचना व बांधकाम परवाना विभागावर होणारी टीका सामान्यतः विलंब, वशिला आणि अतिक्रमण या तीन शब्दांभोवती फिरते. ती निराधार आहे असे मुळीच म्हणता येणार नाही. तथापि विभागातील प्रत्येक कागद उद्यापासून वेळेवर निघू लागला, तरी मागाच्या घराचा प्रश्न आहे तेथेच राहील.

1915 च्या मुंबई नगररचना कायद्याने नगररचना योजना आल्या. 1954 च्या कायद्याने संपूर्ण शहराचा विकास आराखडा करण्याचे बंधन स्थानिक संस्थांवर घातले. आणि 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने आजची चौकट सिद्ध झाली. या परंपरेचे मूळ इंग्लंडातील गिरणगावांच्या अनुभवात आहे. धुरांडी आणि बिऱ्हाडे एकमेकांपासून दूर करणे हा तेथे आरोग्याचा प्रश्न होता. सोलापुरातही 1877 साली सुरू झालेली ‘जुनी गिरणी’, पुढे आलेल्या नरसिंग गिरजी, लक्ष्मी व विष्णू या गिरण्या यांच्यापुरते हे तत्त्व समजण्यासारखे होते. कामगार भोंगा वाजला की गिरणीत जाई आणि पाळी संपली की घरी येई. परंतु गिरण्या बंद पडल्या आणि माग राहिले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी वसविलेल्या पूर्व भागात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. घर आणि कारखाना यांतील भिंत मात्र पूर्वी नव्हती, ती नंतरही सर्वत्र आली नाही.

अशा घराचा नकाशा मंजुरीसाठी नेणाऱ्या माणसापुढे कोणत्या वाटा उरतात? पुढची खोली दिवाणखाना म्हणून दाखवावी, जोता तपासून घ्यावा, भोगवटा प्रमाणपत्र हाती पडले की माग बसवावा. अथवा परवान्याच्या वाटेसच जाऊ नये. 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत निवासी क्षेत्रातील लहानसहान उद्योगांस अश्वशक्ती, कामगारसंख्या व क्षेत्रफळ यांच्या मर्यादेत वाव दिलेला आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. पण तो वाव अपवादाचा आहे. पिठाची गिरणी किंवा दुरुस्तीचे दुकान डोळ्यांपुढे ठेवून केलेला अपवाद, जेथे गल्लीच्या गल्ली मागावर जगते तेथे पुरा पडत नाही.

विडीचे उदाहरण याहून बोलके आहे. 1966 सालीच संसदेने विडी व सिगार कामगारांचा कायदा केला आणि मालकाकडून पान-तंबाखू घरी नेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रीसही त्यात ‘कामगार’ मानले. म्हणजे एकाच वर्षी झालेल्या दोन कायद्यांपैकी एकाने घरातील श्रम पाहिले आणि दुसऱ्याच्या नकाशात तेच घर निव्वळ पिवळे राहिले. विडीला ना यंत्र लागते ना वीज. सबब परवाना विभागाचा आणि तिचा कधी संबंधच येत नाही. यात त्या स्त्रीचा जाच टळतो हे खरे. परंतु सूप मांडीवर घेऊन दिवसभर बसण्यास उजेड आणि वारा हवा, ही गरजही कोणत्याच नियमात उतरत नाही.

यावर एक सबळ आक्षेप आहे. 18 मे 2025 रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यास आग लागून आठ जण मृत्यू पावले; कामगारांबरोबर तेथेच राहणाऱ्या मालकाच्या कुटुंबातील माणसे त्यांत होती. राहणे आणि उत्पादन वेगळे असावे, या तत्त्वाचे समर्थन याहून कठोर असू शकत नाही. सूत पेटते, यंत्राचा आवाज आजारी माणसास झोपू देत नाही, तंतूंची धूळ मुलांच्या छातीत जाते. घरात माग असण्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हे आधी मान्य केले पाहिजे. परंतु ही घटना जांभळ्या क्षेत्रातच घडली, हेही विसरता येत नाही. नकाशावर रंग वेगळे केल्याने माणसे वेगळी राहू लागली नाहीत. जेथे घर आणि यंत्र एकत्र असणारच, तेथे बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा, सुताच्या साठ्याची मर्यादा, वीजजोडणीची तपासणी यांचे नियम हवेत. पण जे अस्तित्वातच नाही असे मानले, त्याच्या सुरक्षिततेचा नियम कोण करणार?

हद्दवाढीने हाच दोष अधिक रुंद केला. 1992 मध्ये शहराची हद्द वाढून क्षेत्र सुमारे 178 चौरस किलोमीटर झाले. गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या शेतांत घरे आधी उठली व अभिन्यास मागून आले. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने ती नियमित करण्याची सोय केली. बांधून झालेले घर कायदा मान्य करू शकतो, असा हा दाखला आहे. त्या घरात चालणाऱ्या कामाविषयी मात्र तो मौन पाळतो. 2016 च्या पहिल्या यादीत आलेल्या स्मार्ट सिटी योजनेविषयी थोडक्यात एवढेच म्हणता येईल की सिद्धेश्वर तलाव, होम मैदान, इंद्रभुवन यांच्याभोवती ती रमली. इंद्रभुवनाची डागडुजी स्वागतार्ह आहे. मागाचे घर तिच्या दृष्टीच्या टप्प्यात फारसे आले नाही.

श्रमिकांच्या घरांचे सर्वांत मोठे काम झाले ते शहराच्या हद्दीबाहेर, कुंभारी येथे : 2006 साली विडी कामगार स्त्रियांची 10,000 घरे, आणि नंतर रे नगरच्या नियोजित 30,000 घरांपैकी पहिली 15,000, ज्यांचे लोकार्पण 19 जानेवारी 2024 रोजी झाले. ही सिद्धी कामगार चळवळीची आहे व ती असामान्य आहे. तरीही शहरातील मागावर, शिलाईवर किंवा धुणीभांड्यांच्या कामावर रोज जाणाऱ्यास कुंभारीहून यावे लागते, आणि त्या भाड्याचा हिशेब घराच्या किमतीत धरलेला नसतो.

1966 च्या अधिनियमाप्रमाणे आराखड्यापूर्वी विद्यमान जमीनवापराचे सर्वेक्षण करावे लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते सुधारणेची जागा तेथेच आहे. धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरील ग्रंथ 1965 साली प्रसिद्ध झाला. त्या परंपरेतील पाहणी आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस एका पेठेपुरती तरी करता येण्यासारखी आहे. दारात उभे राहून ‘निवासी’ असे लिहून पुढे जाण्याऐवजी आत किती माग आहेत, ते कोणत्या वेळी चालतात, सूत कोठे ठेवतात, मुले कोणत्या खोलीत निजतात आणि त्या खोलीस दुसरा दरवाजा आहे की नाही, एवढे रकाने त्या तक्त्यात असावेत.