नाही म्हणालेले ६३ टक्के

तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला दाखल न करता घरीच उपचार देता येतील का? या प्रश्नावर बॉस्टनची २०२० मधली चाचणी हमखास उद्धृत होते. ९१ रुग्ण, यादृच्छिक वाटणी: ४३ घरी, ४८ वॉर्डात. तीस दिवसांत पुन्हा दाखल झाले ७ विरुद्ध २३ टक्के. भारीच ना? आता माणसं मोजा: ३ आणि ११.

शिवाय पात्र रुग्णांपैकी ६३ टक्क्यांनी भाग घ्यायलाच नकार दिला. लेखकांनी हे लपवलेलं नाही, सारांशातच लिहिलंय. आपणच ‘खर्च ३८ टक्के कमी’ वाचून थांबतो. यादृच्छिक वाटणीने दोन गट सारखे होतात. होकार देणारे आणि नाकारणारे नाही. घरी बघायला कोणीच नसेल, तर रुग्ण ‘हो’ कशाला म्हणेल?