छपराचा श्वास

खानदेशातलं धाब्याचं जुनं घर आठवा. मातीच्या जाड भिंती, लाकडांवर खारी माती अंथरून केलेलं सपाट छत आणि त्या छताला मुद्दाम ठेवलेलं एक भोक. चुलीचा धूर तिथून बाहेर जायचा, उजेडाचा कवडसा तिथूनच शेणाच्या जमिनीवर उतरायचा. जळगाव-धुळ्याचा मे महिना काढलेल्या माणसाला त्या भोकाचं मोल वेगळं सांगायला नको.

वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे यांच्या, गुजरातेतल्या मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीकडे पाहताना मला ते भोकच आठवतं. कानविंदे कोकणातल्या आचऱ्याचे, जन्म १९१६ चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून ते हार्वर्डला गेले, तिथे बाउहाउस या जर्मन कलाशाळेचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली घडले. परतल्यावर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अहमदाबादला ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची इमारत बांधली. सरळ रेषा, साधे ठोकळे, नक्षीला फाटा. स्वतंत्र भारताच्या आधुनिक वास्तुकलेतलं ते सुरुवातीचं पान; पण त्यातली भाषा अजून गुरूकडून घेतलेली.

मेहसाण्यात, १९७० च्या दशकात, ती भाषा कानविंद्यांची स्वतःची होते. दूध वरच्या पातळीवर घ्यायचं आणि एकेका टप्प्यातून ते स्वतःच्या वजनाने खाली उतरू द्यायचं, हा कारखान्याचा हिशेब. इमारत त्या उताराचाच आकार घेते. आत वाफ, उष्णता, ओल. गरम हवा वर चढते, म्हणून तिला वाट द्यायला छतावर काँक्रीटचे उंच हवा-मार्ग उभे केलेले. लांबून पाहिलं तर एखाद्या गढीचे बुरूजच. गंमत अशी, की इमारतीला रूप देणारे हे बुरूज शोभेचे नाहीत. प्रत्येकाला काम नेमून दिलेलं आहे. ग्रोपियसची शिस्त इथे मोडलेली नाही. तिला आपलं ऊन लागलंय, एवढंच.

आज आपल्याकडे रिंगरोडवर काचेच्या इमारती उठतात आणि त्यांच्या पाठीला एसीचे डबे लटकतात. आतली उष्णता ते खालून जाणाऱ्याच्या तोंडावर फेकतात. धाब्याचं घर ती आभाळाला द्यायचं. कानविंद्यांची डेअरीही तेच करते.