‘डिजिटल दरी’ : एका रूपकाची चिकित्सा

सामाजिक शास्त्रांत एखादे रूपक रूढ झाले म्हणजे ते हळूहळू विचाराची जागा घेऊ लागते. ‘डिजिटल दरी’ हे असेच एक रूपक होय. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या अहवालांतून ते जगभर पसरले, आणि आपल्याकडील प्रबंधांत ते आता व्याख्येवाचूनच वापरले जाते. दरी म्हटली की दोन काठ आले. काठ आले की पूल आला. आणि पूल बांधणे हे तर अभियंत्याचे काम. भारतातील इंटरनेट-वापराचा अनुभव या चौकटीत बसत नाही, असे आमचे मत आहे. त्याची कारणे येथे थोडक्यात पाहावयाची आहेत.

प्रथम जवळचेच उदाहरण घेऊ. १९९८ साली वारणा सहकारी समूहाच्या क्षेत्रात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० खेड्यांत, संगणक-केंद्रे उभारण्याची योजना आखण्यात आली. शेतीविषयक ज्ञान, बाजारभाव, शिक्षण, शासकीय कागदपत्रे असे सर्व काही त्या केंद्रांतून खेड्यास मिळावे, अशी अपेक्षा होती. पुढे काही वर्षांनी संशोधकांनी पाहणी केली तेव्हा असे आढळले की, केंद्रांचा उपयोग मुख्यतः साखर कारखान्याशी असलेल्या व्यवहारासाठी, म्हणजे उसाचे वजन, खताची मागणी अशा नोंदींसाठीच होत होता. तेव्हा त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरील लघुसंदेशांनी तेच काम करून पाहिले, आणि ते उत्तम चालले.

या योजनेची नोंद सामान्यतः ‘अपयश’ म्हणून केली जाते. आम्हास ते मान्य नाही. शेतकऱ्याने त्या यंत्राकडून तेच मागितले, जे देण्याची ताकद असलेली संस्था गावात आधीच उभी होती. कारखाना होता म्हणून वजनाच्या आकड्यास अर्थ होता. मात्र ज्याच्या नावावर ऊसच नाही, त्याची नोंद त्या यंत्रात कोठून येणार? पूल बांधला गेला खरा, पण तो कारखान्याच्या सभासदाच्या दारापर्यंतच. या प्रयोगाशी संबंधित असलेले केंटारो तोयामा यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तंत्रज्ञान हे समाजात असलेल्या शक्तींचेच वर्धन करते, असा सिद्धान्त मांडला. तो मोलाचा आहे. पण पुरेसा नाही. तंत्रज्ञानाच्या आधाराने केलेला नियम जेथे विषमता नव्हती तेथेही ती निर्माण करू शकतो.

याचे ठळक प्रमाण म्हणजे २०२१ मधील लसीकरण. १ मेपासून १८ ते ४४ वयाच्या व्यक्तींना लस खुली झाली, परंतु ‘कोविन’ या संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी करून वेळ मिळविल्याशिवाय ती मिळणार नव्हती. ४५ वर्षांवरील माणसास थेट केंद्रावर जाता येत होते. एकाच घरातील पन्नाशीचा बाप आणि तिशीचा मुलगा घ्या. घर तेच, मोबाईल तोच, गावातील संपर्काची स्थिती तीच. तरीही मुलगा ‘दरी’च्या पलीकडे आणि बाप अलीकडे! ही दरी भूगोलाची नव्हे, ती एका परिपत्रकाची होती. संकेतस्थळाची भाषाही आरंभी इंग्रजीच होती. मराठीसह इतर भारतीय भाषा जूनमध्ये आल्या. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणी करण्याची मुभा देण्यात आली, तीही राज्यांच्या विवेकावर सोपवून. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने या धोरणावर कठोर प्रश्न उपस्थित केले, आणि त्यासाठी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीचा आधार घेतला.

त्या फेरीचे (२०१७–१८) आकडे सर्वश्रुत आहेत : इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे ग्रामीण भागात १४.९ टक्के, नागरी भागात ४२ टक्के. परंतु येथे मोजमापाचे एकक ‘कुटुंब’ आहे, हे अभ्यासक विसरतात. घरात सोय आहे म्हणजे घरातील प्रत्येकास ती आहे, असे समजणे म्हणजे घरात दूध आहे म्हणून सुनेच्या वाट्यास ते येतेच असे मानण्यासारखे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने (२०१९–२१) व्यक्तीस विचारले, तेव्हा चित्र पालटले. कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के, पुरुष ५७.१ टक्के, ग्रामीण स्त्रिया तर केवळ २४.६ टक्के. स्वतः वापरावयास मोबाईल आहे असे ५४ टक्के स्त्रियांनी सांगितले. यांतील ‘कधी तरी’ हा शब्दही फसवा आहे. एकदा धाकट्या भावाच्या मोबाईलवर चित्रफीत पाहिलेली मुलगी आणि रोज त्यावर व्यवसाय करणारा दुकानदार हे दोघेही त्यात समान ठरतात.

रूपकाच्या बाजूने एवढे मान्य केले पाहिजे की, दुर्गम भागासाठी सार्वजनिक निधी मिळविण्यास ते उपयोगी पडले. २०१६ नंतर इंटरनेटचे दर कोसळले आणि कोट्यवधी लोक जोडले गेले, हेही खरे. परंतु निवडक संकेतस्थळेच फुकट देऊ पाहणाऱ्या ‘फ्री बेसिक्स’चे समर्थकही याच दरीचा हवाला देत होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावी दरांवर बंदी घातली, ती पूल नको म्हणून नव्हे. पुलावरून कोठे जावयाचे हे पूल बांधणाऱ्याने ठरवू नये म्हणून.

तेव्हा या विषयावर क्षेत्रकार्य करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रश्नावलीत थोडा बदल करावा, असे सुचवावेसे वाटते. ‘घरात इंटरनेट आहे काय?’ याबरोबरच, मोबाईल रात्री कोणाच्या उशाशी असतो, त्याचा संकेतशब्द कोणास ठाऊक आहे, आणि गेल्या वर्षात इंटरनेटवाचून कोणते सरकारी काम अडले, हेही घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस, शक्य तर एकांतात, विचारावे.