नवशिक्यासाठीच्या सूचनांची चिकित्सा : ‘व्हर्च्युअल-ऑन’ या यंत्रमानव-द्वंद्वाच्या संदर्भात

प्रस्तावना

कोणत्याही कौशल्याच्या प्रसाराबरोबर त्याचे एक प्राथमिक वाङ्मय तयार होते. पोहणे, बुद्धिबळ, वाद्यवादन यांप्रमाणे व्हिडिओ गेमच्या क्षेत्रातही ‘नवशिक्यांसाठी सूचना’ हा लेखनप्रकार गेल्या काही दशकांत रूढ झाला आहे. खेळाची समीक्षा करताना त्याचे चित्रण, कथानक, ध्वनी यांचा विचार होतो. परंतु तो शिकविणाऱ्या सूचनांकडे समीक्षेचा विषय म्हणून क्वचितच पाहिले जाते. वास्तविक शिकविण्याचा क्रम, उदाहरणांची निवड आणि चुकीविषयीची दृष्टी हे अध्यापनशास्त्रातील मूलभूत प्रश्न या सूचनांतही उपस्थित होतात. प्रस्तुत लेखात ‘सायबर ट्रूपर्स व्हर्च्युअल-ऑन’ या जपानी खेळाच्या आधारे अशा सूचनांचे मूल्य कोणत्या निकषांवर ठरवावे, याचा विचार केला आहे.

खेळाचे स्वरूप

सेगा या जपानी कंपनीच्या एएम-३ या विभागाने हा खेळ 1995 मध्ये आर्केडसाठी, म्हणजे नाणे टाकून चालणाऱ्या सार्वजनिक यंत्रासाठी, तयार केला. जूरो वातारी हे त्याचे प्रमुख निर्माते असून यंत्रमानवांचे आरेखन हाजिमे कातोकी यांचे आहे. 1996 मध्ये तो सेगा सॅटर्न या घरगुती यंत्रावर आला. पुढे ‘ओरेटोरिओ टँग्राम’ (1998), ‘फोर्स’ (2001) आणि ‘मार्झ’ (2003) हे भाग प्रसिद्ध झाले.

तत्कालीन बहुतेक द्वंद्वखेळांत दोन लढवय्ये पडद्यावर समोरासमोर बाजूने दिसत. येथे मात्र खेळाडू आपल्या यंत्रमानवाच्या पाठीमागून मैदान पाहतो. मैदान त्रिमितीय आहे आणि त्यात आडोसे आहेत. त्यामुळे प्रतिस्पर्धी दृष्टीआड होऊ शकतो. दुसरे वैशिष्ट्य नियंत्रणाचे आहे. खेळाडूच्या दोन्ही हातांत एकेक दांडा असतो आणि प्रत्येक दांड्यावर एक चाप व एक टर्बो बटण असते. दोन्ही दांडे एकाच दिशेला कलविल्यास यंत्रमानव त्या दिशेला चालतो. एक पुढे व एक मागे केल्यास तो जागच्या जागी वळतो. दोन तरफांनी चालणारा बुलडोझर याच तत्त्वावर वळविला जातो. दांडे बाहेरच्या बाजूंना ओढले की उडी आणि आत वळविले की जवळच्या वारापासून बचाव, अशी ही रचना आहे. टर्बो बटण दाबून दिशा दिली असता यंत्रमानव वेगाने मुसंडी मारतो.

प्रचलित सूचनांचे तीन प्रकार

अशा खेळाविषयीच्या प्राथमिक सूचना साधारणतः तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार शस्त्रांच्या यादीचा. डाव्या चापाने एक, उजव्याने दुसरे आणि दोन्ही चापांनी तिसरे शस्त्र चालते, ही माहिती आवश्यक आहे. परंतु ती अपुरी आहे. या खेळात एकच शस्त्र चालताना, उडीत, बसून अथवा मुसंडीत वेगवेगळ्या रीतीने सुटते. शिवाय प्रत्येक शस्त्राची शक्ती वापरानंतर कमी होऊन हळूहळू भरून येते. म्हणजे शस्त्राचा अर्थ शरीराच्या स्थितीवर व वेळेवर अवलंबून आहे. धातूंची रूपे पाठ करून वाक्यरचना येत नाही, त्याप्रमाणे शस्त्रांची यादी पाठ करून द्वंद्व येत नाही.

दुसरा प्रकार यंत्रमानवाच्या निवडीचा. पहिल्या भागात आठ यंत्रमानव निवडता येतात. टेमजिन समतोल आहे. रायडेन जड, मंद पण प्रखर लेझरने सज्ज आहे. वायपर-२ चपळ परंतु पातळ चिलखताचा आहे. अफार्म्ड जवळच्या लढाईत प्रभावी आहे. ‘सर्वांत बलवान कोण’ या प्रश्नाचे उत्तर देणारी सूचना नवशिक्याला लोकप्रिय वाटते. तथापि रायडेनच्या लेझरवर विसंबून काही सामने जिंकणारा खेळाडू हालचाल शिकण्याचे पुढे ढकलत राहतो. टेमजिनची शिफारस अधिक योग्य ठरते, कारण त्याच्या कोणत्याही एका गुणाच्या आड खेळाडूची उणीव लपत नाही. विजयासाठीची निवड आणि शिक्षणासाठीची निवड या भिन्न बाबी आहेत, हे येथे स्पष्ट होते.

तिसरा प्रकार ‘सतत हलत राहा’ अशा उपदेशाचा. हा उपदेश खोटा नाही. तो कारणावाचून दिलेला आहे. कसे हलावे, केव्हा थांबावे आणि हालचालीची किंमत काय, हे न सांगितल्यास नवशिका मैदानभर धावतो आणि तरीही मार खातो. मग उपदेशावरचा त्याचा विश्वास उडतो किंवा, अधिक वाईट म्हणजे, स्वतःवरचा उडतो.

उडी : पाहण्याचा पहिला धडा

या खेळातील नवशिक्याची पहिली अडचण नेम न लागणे ही नसून प्रतिस्पर्धी न दिसणे ही आहे. चालताना यंत्रमानव आपोआप प्रतिस्पर्ध्याकडे वळत नाही. दांडे उलटसुलट फिरवून त्याला शोधेपर्यंत पाठीत गोळा बसतो. यावर रचनाकारांनी दिलेला उपाय उडीत आहे : उडी घेताच यंत्रमानव प्रतिस्पर्ध्याच्या दिशेला तोंड करतो. दांडे आत वळवून ती उडी अर्ध्यातच मोडता येते. म्हणून अनुभवी खेळाडूच्या हाती उडी हे प्रामुख्याने पाहण्याचे साधन बनते.

ही गोष्ट नवशिक्याला आपण होऊन सुचणे कठीण आहे. उडी म्हणजे अडथळा ओलांडणे किंवा वार चुकविणे, हा अन्य खेळांतील संस्कार तो बरोबर घेऊन आलेला असतो. जुना अर्थ बाजूला सारून नवा अर्थ देणे हे चांगल्या सूचनेचे खरे कार्य होय. ‘उडी घ्या’ एवढेच सांगणारी आणि ‘प्रतिस्पर्धी दिसेनासा झाला की उडी घ्या, तो दिसताच ती मोडा’ असे सांगणारी, या दोन सूचनांत शब्दांचे अंतर थोडे आहे. शिक्षणाचे अंतर फार मोठे आहे. दुसऱ्या सूचनेत कृती, तिचा प्रसंग आणि तिचे प्रयोजन ही तिन्ही एकत्र आली आहेत.

मुसंडी आणि स्तब्धतेचा क्षण

दुसरा धडा संयमाचा आहे. मुसंडी मारताना केलेला वार प्रभावी असतो, परंतु त्यानंतर यंत्रमानव क्षणभर स्तब्ध होतो. उडीनंतर जमिनीवर उतरतानाही असाच क्षण येतो. या क्षणी खेळाडूच्या हाती काहीच नसते आणि प्रतिस्पर्धी नेमकी त्याचीच वाट पाहत असतो. ‘सतत हलत राहा’ या उपदेशातील उणीव येथे उघड होते. बहुतेक मार हलताना बसत नाही. हालचाल संपताना बसतो.

यावरून सूचनेचा क्रम निश्चित करता येतो. नवशिक्याने प्रथम चाप न दाबता केवळ चालणे, मुसंडी आणि उडी यांच्या साहाय्याने प्रतिस्पर्ध्याला नजरेत ठेवण्याचा सराव करावा. त्यानंतर आपण कोणत्या क्षणी स्तब्ध होतो हे ओळखावे. त्याच ज्ञानाच्या आधारे प्रतिस्पर्ध्याचा स्तब्ध क्षण ओळखावा आणि तेव्हाच वार करावा. स्वतःच्या दुबळ्या क्षणाचे ज्ञान हेच दुसऱ्यावरील आक्रमणाचे साधन होते. शस्त्रांची यादी या टप्प्यावर उपयोगी पडते, कारण कोणते शस्त्र त्या अल्प अवधीत पोहोचेल हा प्रश्न आता निर्माण झालेला असतो. प्रश्न निर्माण होण्यापूर्वी दिलेले उत्तर स्मरणात राहत नाही, हा वर्गातील अनुभव येथेही लागू पडतो.

साधन आणि सूचना

सूचनांच्या चिकित्सेत एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. ती म्हणजे साधन. सॅटर्नच्या साध्या नियंत्रकावर दोन दांडे नाहीत. तेथे दोन हातांची मूळ क्रिया अंगठ्याच्या हालचालींत व बटणांत विभागली जाते. परिणामी ‘दांडे बाहेर ओढा’ ही सूचना निरर्थक ठरते आणि वळण्याची क्रिया दोन हातांच्या विरोधातून जाणवेनाशी होते. हा फरक सेगालाही मान्य असावा, कारण सॅटर्नसाठी ‘ट्विन स्टिक’ हे स्वतंत्र उपकरण काढण्यात आले. 2018 मध्ये या मालिकेचा नवा भाग प्लेस्टेशन-४ वर आला, तेव्हा वजनकाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तानिता या कंपनीने लोकवर्गणीतून असे दांडे तयार करण्याचा प्रकल्प हाती घेतला. पहिल्या आवाहनात पुरेसा निधी जमला नाही, दुसऱ्यात जमला. 2019 मध्ये पहिल्या तीन भागांचा संचही त्याच यंत्रावर उपलब्ध झाला.

या घटनेचा अर्थ केवळ स्मरणरंजन असा लावणे अपुरे होईल. हातांनी कमावलेले ज्ञान त्या साधनाबाहेर पूर्णपणे नेता येत नाही, याची ती साक्ष आहे. मूळ आर्केड यंत्रे जसजशी कमी होतील, तसतशी त्या ज्ञानाची लेखी नोंद हाच मोठा आधार उरेल. अशा वेळी नवशिक्यासाठीची सूचना ही क्षुल्लक बाब राहत नाही. ती एका कौशल्याच्या संक्रमणाचे साधन बनते. मात्र त्यासाठी सूचना कोणत्या साधनावर आधारलेली आहे, हे सूचनाकाराने नमूद केले पाहिजे.

एक आक्षेप

सूचनांमुळे शोधाचा आनंद नाहीसा होतो, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु आर्केडमध्ये प्रत्येक पराभवाला नाण्याची किंमत होती आणि समोरचा खेळाडू शिकविण्यासाठी थांबत नसे. ज्याच्याजवळ पैसा व वेळ अधिक त्यालाच शोधाचा आनंद, अशी स्थिती त्यातून निर्माण होते. ‘मार्झ’नंतर पुढील नवा भाग येण्यास 15 वर्षे लागली. या दीर्घ खंडाची कारणे व्यापारी स्वरूपाची असू शकतात. तथापि नवशिक्यांना दार बंद वाटणारा कोणताही खेळ आपला खेळाडूवर्ग टिकवू शकत नाही, हे उघड आहे.

शिवाय चांगली सूचना सर्वच शोध हिरावून घेत नाही. उडीचे प्रयोजन शिकविता येते, स्तब्धतेचा क्षण दाखविता येतो. परंतु समोरचा माणूस पुढच्या क्षणी काय करील, हे कोणतीही सूचना सांगू शकत नाही. नवशिक्याला त्या प्रश्नापर्यंत पोहोचविणे हे सूचनेचे काम असून उत्तर शोधणे हे खेळाडूचे काम आहे.

समारोप

वरील विवेचनावरून नवशिक्यासाठीच्या सूचनांचे चार निकष मांडता येतात. सूचनेत कृतीबरोबर प्रसंग व प्रयोजन असावे. सूचनांना शिकण्याचा क्रम असावा. तात्कालिक विजयापेक्षा उणीव उघड करणाऱ्या सरावाला प्राधान्य असावे. आणि सूचना ज्या साधनावर आधारलेली आहे त्याचा निर्देश असावा. ‘व्हर्च्युअल-ऑन’ शिकणाऱ्याला सर्वप्रथम चाप दाबण्याऐवजी प्रतिस्पर्ध्याकडे पाहणे शिकावे लागते. जी सूचना या पाहण्यापासून आरंभ करते तीच त्याला खेळात टिकवून धरते. जी शस्त्रांपासून आरंभ करते ती त्याला पहिल्या काही पराभवांनंतर एकटे सोडते.